ई. कोलायच्या अंगावरची साखर

मी आधी लशींच्या कारखान्यात होते. जिवाणू मोठ्या फर्मेंटरमध्ये वाढवायचे, त्यांच्या अंगावरचं साखरेचं कवच सोडवून घ्यायचं, ते शुद्ध करायचं आणि पुढच्या विभागाच्या हवाली करायचं. तिथे ते एखाद्या प्रथिनाला जोडलं जातं आणि त्याची लस होते. पुण्याला हे काम नवं नाही. सिरम इन्स्टिट्यूटने बनवलेली मेनआफ्रिव्हॅक ही मेनिंजायटिस 'ए' गटाची लस २०१०च्या डिसेंबरात बुर्किना फासोत पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर टोचली गेली आणि आफ्रिकेच्या त्या पट्ट्यातल्या 'ए' गटाच्या साथी जवळजवळ थांबल्या. त्यामुळे 'कॅप्सूल', 'क्रूड पॉली', 'अल्कोहोल कट' हे शब्द या शहरात मायक्रोबायॉलॉजी शिकलेल्या बऱ्याच पोरापोरींच्या तोंडी असतात. कारखान्यात माझं नाव कुठल्या शोधावर लागणार नव्हतं, पण शंभर लिटरची बॅच हाताखालून नीट निघाली की घरी जाताना बरं वाटायचं.

तिथे एका गटापुढे सगळ्यांनीच हात टेकलेले होते. मेनिंगोकॉकस 'बी'. बाकी गटांच्या कवचाची साखर शरीराला परकी वाटते, म्हणून शरीर तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. 'बी'च्या कवचातली साखर, म्हणजे पॉलिसायालिक ॲसिड, माणसाच्या मज्जापेशींवरही सापडते. शरीर तिला घरचीच समजतं, तिच्याकडे लक्ष देत नाही. आणि उद्या समजा लक्ष दिलंच, तर स्वतःच्याच पेशींवर हल्ला होण्याची भीती. शेवटी 'बी'साठी लस आली तीसुद्धा साखरेचा नाद सोडून प्रथिनांवर बेतलेली, २०१३च्या सुमारास युरोपात. आमच्या भाषेत 'बी'ची साखर म्हणजे वाया गेलेली साखर.

मग मी संशोधनाच्या एका लहानशा गटात आले. फर्मेंटर इथेही होता, फक्त टेबलावर मावेल एवढा. सेंट्रिफ्यूज, अल्कोहोल, कॉलम, सगळं ओळखीचं. पण हवी होती ती नेमकी 'बी'सारखी, शरीराला आपली वाटणारी साखर. शरीराला जागं करायला नव्हे, पेटलेलं शांत करायला.

ई. कोलायचे शेकडो प्रकार आहेत आणि कवचाच्या साखरेवरून त्यांना 'के' क्रमांक दिलेले आहेत. आमचा सगळा संसार के-५ या प्रकारावर उभा आहे. त्याच्या कवचात दोन साखरा एकाआड एक येतात, ग्लुकुरोनिक ॲसिड आणि एन-असेटिल ग्लुकोसामिन. या माळेला हेपारोसान म्हणतात. आपल्या शरीरातल्या मास्ट पेशी हेपारिन बनवतात तेव्हा सुरुवात हीच माळ ओवून करतात. नंतर त्यांच्याकडची एन्झाइमं ठरावीक जागी सल्फेट बसवत जातात आणि हेपारिन तयार होतं. के-५ सल्फेटच्या भानगडीत पडत नाही. तो उघडी माळ अंगावर घेतो, आणि मूत्रमार्गात शिरल्यावर शरीराला तो घरचाच वाटतो. जंतूची ही लबाडी आमचा कच्चा माल आहे.

इथे एक गंमत सांगायला हवी. १९१७ साली, पहिल्या महायुद्धाच्या काळात, अल्फ्रेड निसल या जर्मन डॉक्टरने एका सैनिकाच्या विष्ठेतून ई. कोलाय वेगळा केला. आजूबाजूचे सगळे आमांशाने आजारी पडत होते आणि हा सैनिक ठणठणीत होता. 'निसल १९१७' या नावाने तो जिवाणू आजही कॅप्सूलमध्ये भरून औषध म्हणून विकला जातो. आतड्याच्या व्रणांच्या आजारात, अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये, तो मेसालाझिनच्या बरोबरीने रुग्णांवर तपासलाही गेला आहे. त्याच्याही अंगावर कवच आहे ते के-५चंच. या दोन गोष्टी जोडून एक सुंदर गोष्ट रचण्याचा मोह प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला होतो. मी त्यांना तेवढ्यावरच थांबवते, कारण निसलच्या अंगावर आणि पोटात आणखी बरंच काही आहे.

हेपारिन म्हटलं की लोकांना रक्त पातळ करणारं इंजेक्शन आठवतं. बायपास, डायलिसिस, आयसीयू, सगळीकडे ते लागतं. जे मॅक्लेन नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने १९१६ साली बाल्टिमोरला विल्यम हॉवेल यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्याच्या यकृतातून त्याची पहिली चाहूल घेतली. आज ते येतं डुकरांच्या आतड्यांच्या अस्तरातून, आणि जगाच्या पुरवठ्यातला मोठा वाटा चीनचा आहे. हा पुरवठा किती कच्च्या दोरीवर टांगलेला आहे ते २००७-०८मध्ये दिसलं. इंजेक्शन दिल्यावर रुग्णांचं ब्लडप्रेशर एकदम कोसळायला लागलं. अमेरिकेत ८०हून अधिक मृत्यूंच्या नोंदी झाल्या. हेपारिनमध्ये ओव्हरसल्फेटेड कॉन्ड्रॉइटिन सल्फेट मिसळलेलं निघालं. हा पदार्थ निसर्गात नाही, तो मुद्दाम बनवावा लागतो.

मला त्या प्रकरणातली सर्वांत अस्वस्थ करणारी बाब भेसळ नव्हे. भेसळ दुधातही होते. अस्वस्थ करते ती ही गोष्ट की तो माल त्या वेळच्या सगळ्या ठरलेल्या चाचण्या पास होऊन आला होता. चाचणी विचारायची, रक्त गोठायला उशीर होतो का? भेसळीच्या पदार्थामुळेही थोडाफार उशीर व्हायचा. म्हणजे पास. पुढे एनएमआर आणि कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिस लावल्यावर तो उघडा पडला. एमआयटीतले राम शशिशेखरन आणि त्यांचे सहकारी यांनी त्याची रचना आणि तो शरीरात काय करतो हे उलगडलं. तो ब्रॅडिकायनिन तयार करणारी साखळी पेटवायचा. शुद्धीकरणाचं काम करणाऱ्या माणसाला हे वाचल्यावर आपल्या बाटलीकडे पहिल्यासारखं बघता येत नाही.

हेपारिनचा दुसरा गुण कमी बोलला जातो. कुठे सूज आली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला धरत धरत, गडगडत त्या जागी पोचतात. ही धरपकड सेलेक्टिन नावाच्या प्रथिनांमुळे होते. हेपारिन त्या सेलेक्टिनना झाकून टाकतं आणि पेशी निसटतात. म्हणजे ते सूज कमी करू शकतं. अडचण एकच, तेवढ्या मात्रेत दिलं तर रुग्णाला रक्तस्राव होईल. पण हे दोन गुण माळेवरच्या वेगवेगळ्या सल्फेटांवर अवलंबून आहेत. रक्त न गोठू देण्यासाठी पाच साखरांचा एक ठरावीक तुकडा लागतो आणि त्यातलं तिसऱ्या जागेवरचं सल्फेट कळीचं. सेलेक्टिनसाठी मात्र सहाव्या जागेवरचं सल्फेट महत्त्वाचं. मग तिसरं गाळायचं आणि सहावं ठेवायचं. डुकराच्या हेपारिनवरचे नको ते सल्फेट रसायनांनी काढून टाकण्याचे प्रयत्न झालेले आहेत. आम्ही उलट्या टोकाने निघालो होतो. उघडी माळ घ्यायची आणि तिच्यावर हवं तेवढंच चढवायचं.

जनुकांचा भाग सांगायला सोपा आहे आणि खरं तर करायलाही बाकीच्यापेक्षा सोपाच. माळ ओवायला दोन एन्झाइमं लागतात, केएफआयए आणि केएफआयसी. पहिलं एक साखर जोडतं, दुसरं दुसरी. केएफआयडी कच्ची साखर तयार करून देतं. केएफआयबी नसलं तर काम अडतं, एवढं त्याच्याबद्दल सांगता येतं. खरा के-५ रोगकारक कुळातला, म्हणून ही जनुकं बीएल-२१ या प्रयोगशाळेत रुळलेल्या ई. कोलायमध्ये घालायची. त्याच्याकडे माळ बाहेर काढून देणारी यंत्रणा शाबूत आहे, ओवणारे कारागीर तेवढे नाहीत. हा रस्ता आमचा नव्हे. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावी रेन्सेलिअर इन्स्टिट्यूटच्या रॉबर्ट लिनहार्ट आणि मॅथिओस कोफास यांच्यासारख्या गटांनी तो आधीच तुडवलेला होता. लिनहार्ट यांच्या गटाने २०१०मध्ये मूळ के-५कडून लिटरला १५ ग्रॅम हेपारोसान काढलं. २०१२च्या एका पेपरमध्ये बीएल-२१कडून मात्र दोन ग्रॅमच्या आतच निघालं. या दोन आकड्यांमधल्या फरकात आमच्यासारख्या कितीतरी गटांची वर्षं गेली आहेत.

जिवाणूला आपण साखर देतो ती त्याच्या दृष्टीने जगायला आणि वाढायला असते. तिच्यातला वाटा कवचाकडे वळवला की तो वाढीत कमी पडतो. फार ओरबाडलं तर तो ती घातलेली जनुकं वाहणारं प्लाझ्मिडच टाकून देतो आणि मोकळा होतो. प्लेटवर सगळ्या कॉलन्या छान दिसतात, बॅचच्या शेवटी पाहावं तर निम्म्यांनी काम सोडलेलं. ग्लुकोज एकदम जास्त सोडलं तर तो ॲसिटेट करत बसतो आणि स्वतःच्याच आंबटात गुदमरतो. म्हणून ते थेंबाथेंबाने द्यायचं, आणि कधी द्यायचं हे ऑक्सिजनच्या काट्यावरून ओळखायचं. ग्लुकोज संपलं की श्वास मंदावतो, विरघळलेला ऑक्सिजन एकदम वर उसळतो. त्या क्षणी फीड चालू. हा क्षण हमखास मध्यरात्रीनंतर येतो. आमच्याकडचे प्रयोगशाळा सहायक काका आकडा बघण्याच्या आधीच सांगायचे, "मॅडम, मोटरचा आवाज उतरला, आता उसळी येईल." स्टररचा वेग ऑक्सिजनला बांधलेला असल्यामुळे त्यांचं म्हणणं शास्त्राला धरूनच होतं, पण नव्या मुलांना ती सिद्धी वाटायची.

फेस हे दुसरं प्रकरण. फेस वर चढून एक्झॉस्टचा फिल्टर भिजला की बॅच धोक्यात. अँटिफोम घातलं तर फेस बसतो, पण ऑक्सिजनही कमी विरघळतो आणि पुढे शुद्धीकरणात ते चिकटून येतं. कारखान्यात आम्ही अँटिफोम सढळ हाताने घालायचो. इथे मी कंजूष झाले.

बॅच उतरली की पेशी खाली बसवायच्या, वरचं पाणी घ्यायचं, गाळायचं, आटवायचं आणि थंड अल्कोहोल ओतायचं. हा भाग मला अजूनही आवडतो. निवळ द्रावणात ढवळत ढवळत अल्कोहोल सोडलं की आधी नुसती धूसरता येते, मग एकाएकी सुतरफेणीसारखे पांढरे धागे सुटतात आणि काचेच्या कांडीभोवती गुंडाळायला लागतात. त्यातलं थोडं घेऊन गंधकाम्लात उकळून कार्बाझोल घातलं की गुलाबी-जांभळा रंग चढतो. तो ग्लुकुरोनिक ॲसिडचा. रंग जितका गडद तितका माल जास्त. इथवर आलं की लोक पेढे वाटायच्या बेतात असतात.

पण त्या पांढऱ्या धाग्यांबरोबर आणखी एक पाहुणा येतो. ई. कोलायच्या बाहेरच्या आवरणात लायपोपॉलिसॅकराइड असतं. हेच एंडोटॉक्सिन. आपल्या प्रतिकारशक्तीला एवढं भडकवणारे पदार्थ फार थोडे असतील. रक्तात अगदी क्षुल्लक प्रमाणात गेलं तरी थंडी वाजून ताप येतो. इंजेक्शनातून देण्याच्या औषधांसाठी मर्यादा आहे ती तासाला, किलो वजनामागे, ५ एंडोटॉक्सिन युनिटांची, आणि ई. कोलायच्या गढूळ बॅचमध्ये ही युनिटं लाखांनी असतात. ऑटोक्लेव्हने जिवाणू मरतात, हे मरत नाही, कारण मुळात ते जिवंतच नाही. काचेची भांडी २५० अंशांवर अर्धा तास भाजावी लागतात. म्हणजे सूज उतरवणारा पदार्थ आम्ही मागत होतो तो अशा जिवाणूकडे, ज्याच्या कातडीवरच सूज आणणारा सर्वांत तिखट पदार्थ बसलेला आहे. आणि दोघांवरही ऋण भार, त्यामुळे आयन एक्स्चेंजच्या कॉलमवर दोघं हातात हात घालून उतरतात.

ते मोजायची चाचणीही एक वेगळीच दुनिया आहे. घोड्याच्या नालेच्या आकाराचा समुद्री प्राणी, हॉर्सशू क्रॅब, त्याचं निळं रक्त एंडोटॉक्सिनला भेटलं की गोठतं. फ्रेडरिक बँग यांनी १९५६ साली हे नोंदवलं आणि पुढे त्यातून जगभर वापरली जाणारी चाचणी तयार झाली. आपल्याकडे हे प्राणी ओडिशाच्या किनाऱ्यावर आढळतात. आता सिंगापूरच्या डिंग जिक लिंग आणि हो बो यांच्या कामामुळे त्यांच्या रक्तातला फॅक्टर सी जनुकांची उचलाउचल करून प्रयोगशाळेतच बनवता येतो, आणि मी शक्य तिथे तोच मागवते. पण कुठलीही चाचणी घ्या, सल्फेट चढवलेल्या साखरा तिलाच गप्प बसवू शकतात. म्हणून नमुन्यात मुद्दाम ठरावीक एंडोटॉक्सिन घालून ते परत मोजायचं. ५० ते २०० टक्क्यांच्या दरम्यान परत सापडलं तरच आधीच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा. हा नियम मला चाचण्यांबद्दलच्या सगळ्या व्याख्यानांपेक्षा मोलाचा वाटतो.

हे सगळं माहीत असल्यामुळेच आमच्याकडच्या पीएचडीच्या मुलीने एक दिवस ती प्लेट आणून दाखवली तेव्हा मला लगेच हसू आलं नाही. प्रयोग नेहमीचा होता. उंदराच्या मॅक्रोफेज पेशींना आदल्या दिवशी आमची साखर द्यायची, दुसऱ्या दिवशी एंडोटॉक्सिन देऊन त्यांना चिडवायचं आणि त्या टीएनएफ-अल्फा हा सूज पेटवणारा संदेश किती सोडतात ते एलायझाने मोजायचं. शेवटी आम्ल घातलं की निळ्या विहिरी पिवळ्या होतात. गडद पिवळी म्हणजे पेशी खवळलेली. तिच्या प्लेटवर साखर न दिलेल्या रांगा हळदीच्या रंगाच्या होत्या आणि साखर दिलेल्या जवळजवळ पाण्यासारख्या. मात्रा वाढवत नेली तसा रंग पायरीपायरीने उतरलेला. इतकी देखणी प्लेट सहसा मिळत नाही.

"मॅडम, हे तर पेपरमध्येच टाकायचं ना?"

"अगं, टाकू. आधी रिकाम्या प्लाझ्मिडची बॅच घेतलीस का?"

ती गप्प. मुद्दा असा आहे. पॉल बीसन यांनी १९४६ साली सशांना टायफॉइडची लस पुन्हापुन्हा टोचली आणि पाहिलं की दर वेळी ताप कमी येतो. एंडोटॉक्सिनची सवय होते. पेशींनाही होते. आज चिमूटभर मिळालेलं असलं तर उद्या भरपूर दिलं तरी त्या पूर्वीसारख्या चिडत नाहीत. म्हणजे साखरेत थोडं एंडोटॉक्सिन राहिलेलं असेल, तर तेच आदल्या दिवशी पेशींना बधिर करून ठेवील आणि दुसऱ्या दिवशी श्रेय साखरेला मिळेल. सूज आणणारा पदार्थ सूज उतरवल्याचं सोंग घेतो. मात्रा वाढवली की सोंगही वाढतं, म्हणून आलेख सुरेख येतो.

तपासायचे दोन मार्ग होते. एक, त्याच जिवाणूत रिकामं प्लाझ्मिड घालून, हेपारोसानचा कण नसलेला माल त्याच पद्धतीने, त्याच कॉलमवरून काढायचा. दुसरा, चांगल्या मालावर लायेज एन्झाइम सोडून माळेचे बारीक तुकडे करायचे. साखरेमुळे परिणाम असेल तर पहिल्यात तो दिसता कामा नये आणि दुसऱ्यात तो उतरायला हवा. निकाल लागला तो उलटा. रिकाम्या प्लाझ्मिडच्या मालानेही पेशी तितक्याच शांत झाल्या. मुलगी हिरमुसली, पण तिने तो आलेखही थीसिसमध्ये घातला आणि परीक्षकांनी सर्वांत जास्त प्रश्न त्याच्यावरच विचारले.

सूज कमी करणाऱ्या जिवाणूजन्य साखरांवरचे पेपर वाचताना मी आता पहिल्यांदा पद्धतींचा भाग उघडते आणि एंडोटॉक्सिन कसं काढलं, किती उरलं ते शोधते. काही जण पॉलिमिक्सिन बी घालून 'निष्प्रभ केलं' एवढंच लिहितात. काही जण तेही लिहीत नाहीत. या क्षेत्रातल्या किती देखण्या आलेखांमागे आमच्या त्या पहिल्या प्लेटसारखीच कथा असेल, याचा विचार न केलेला बरा. यालाही चांगला अपवाद आहे. सार्किस मझमानियन आणि डेनिस कॅस्पर यांनी बॅक्टेरॉइडिस फ्रॅजिलिस या आतड्यातल्या जिवाणूच्या पॉलिसॅकराइड ए-वर जे काम केलं, त्यात त्या साखरेचं जनुक काढून टाकलेला जिवाणू शेजारी उभा करून तुलना केलेली आहे. २००८च्या त्यांच्या प्रयोगात साखर असलेला जिवाणू उंदरांना कोलायटिसपासून वाचवतो, साखर नसलेला वाचवत नाही. अशी मांडणी असली की वाचणाऱ्याला शंका घ्यायला जागा उरत नाही.

मग साफसफाई सुरू झाली. ट्रायटन एक्स-११४ हा साबणाच्या जातीचा पदार्थ थंडीत पाण्यात विरघळतो आणि जरा ऊब मिळाली की वेगळा होऊन तळाशी बसतो, जाताना एंडोटॉक्सिन सोबत घेऊन जातो. चार अंशांवर ढवळ, सदतीसवर ठेव, फिरव, वरचं घे, पुन्हा. कंटाळवाणं काम, पण आकडे खाली येताना दिसतात. एंडोटॉक्सिनच नसलेला ई. कोलाय का वापरत नाही, हा प्रश्न आम्हाला प्रत्येक सभेत विचारला जायचा. क्लिअरकोलाय नावाचा एक मिळतो. त्याच्या आवरणातल्या रेणूवर मेदाम्लांच्या सहाऐवजी चारच साखळ्या असतात आणि माणसाच्या पेशी त्याला दाद देत नाहीत. उंदराच्या पेशी मात्र देतात. म्हणजे उंदराच्या पेशींवर तपासलं तर माल घाण ठरणार आणि माणसाच्या पेशींवर स्वच्छ. या एका गोष्टीमुळे आम्ही मानवी पेशींकडे वळलो. पैसे जास्त लागले, वाद कमी झाले.

आणि स्वच्छ झाल्यावर आमच्या हेपारोसानने काय केलं? जवळजवळ काहीच नाही. पेशींना ना चिडवलं, ना शांत केलं. प्रकल्पाच्या आढाव्यात हे सांगताना समोरच्या मंडळींचे चेहरे पडले. मला मात्र ती पहिली विश्वासार्ह बातमी वाटली. उघडी माळ मुकी असणं हे आमच्या तर्काला धरूनच होतं. शरीर तिला घरची समजतं, म्हणून गप्प बसतं. तिला बोलतं करायचं ते सल्फेटनी. मुकं पान हातात असलं तरच त्यावर लिहिलेलं आपलं आहे असं म्हणता येतं.

पहिलं सल्फेट रसायनाने चढवायचं. त्यासाठी आधी कॉस्टिक सोड्यात ठेवून असेटिल गट उडवावे लागतात, आणि त्याच कॉस्टिकमध्ये एंडोटॉक्सिनची मेदाम्लंही तुटून पडतात. एका पायरीत दोन कामं. शुद्धीकरणात अशी फुकटची मेजवानी क्वचित मिळते, त्या दिवशी मी खरोखर सगळ्यांना चहा पाजला. सहाव्या जागेवरच्या सल्फेटसाठी मात्र प्राण्यांकडचं एन्झाइम लागतं. ई. कोलायला ते नीट घडवता येत नाही, त्याच्या पोटात त्याच्या गाठी होऊन पडतात. माल्टोज धरणाऱ्या प्रथिनाचं शेपूट जोडल्यावर थोडं विरघळतं. एन्झाइमला सल्फेट पुरवायला पॅप्स हा रेणू लागतो, तो महाग आणि नाजूक.

ही सगळी पायपीट जिवाणूच्या पोटातच उरकता आली तर? हे स्वप्न राहिलेलं नाही. कोफास यांच्या गटाने २०२१मध्ये ई. कोलायकडूनच सल्फेट चढवलेलं कॉन्ड्रॉइटिन बनवून घेतलं. सिस-एच हे जनुक उडवलं की जिवाणू पॅप्स पुढे खर्च करू शकत नाही आणि ते पेशीत साठतं. बदल्यात त्याला सिस्टीन बाहेरून खाऊ घालावं लागतं. आम्ही त्याच वाटेवर आहोत, जरा मागे. प्रस्तावात दर वेळी 'सुधारित' असं विशेषण टाकावं लागतं. सुधारित म्हणजे जास्त ग्रॅम, की जास्त परिणाम, की कमी घाण, हे कुणी विचारत नाही. ग्रॅम वाढवणं हे तिन्हींत सर्वांत सोपं, म्हणून अहवालात पहिला आलेख त्याचाच असतो.

असेटिलच्या जागी आणि सहाव्या जागी, दोन्हीकडे सल्फेट असलेला लहानसा लॉट अखेर हाती आला तेव्हा एका औषध कंपनीचे गृहस्थ भेटायला आले. हेपारिनच्या धंद्यात मुरलेले. खुर्चीत बसता बसता त्यांनी विचारलं, "ॲक्टिव्हिटी किती?"

फार्माकोपियाप्रमाणे हेपारिन मिलिग्रॅमला १८० युनिटांच्या खाली चालत नाही. आमचा आकडा शून्याला टेकलेला होता.

"जवळजवळ नाही," मी म्हटलं. "नकोच आहे. रक्त वेळेवर गोठलं तरच आमचा माल पास."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग सेलेक्टिनच्या प्रयोगाचे आलेख मागितले. काचेच्या बारीक नळीतून पांढऱ्या पेशी सोडल्या की किती भिंतीला धरतात आणि आमची साखर घातल्यावर किती निसटतात, ते त्यांत होतं. त्यांनी ते बोटाने एकेक बिंदू धरत वाचले.

"बरं. एंडोटॉक्सिन?"

मी फाइल पुढे केली. तिच्यात आमच्या प्रत्येक लॉटचा आकडा होता आणि शेजारच्या रकान्यात त्याच आठवड्यात काढलेल्या रिकाम्या प्लाझ्मिडच्या लॉटचा. ते दोन्ही रकाने वाचत बसले आणि त्यांचा चहा निवून गेला.